जनरल मोटर्सची घसरण नीट समजून घ्यायचीय? मग २००९ पासून मागे वाचत जा

जनरल मोटर्स, म्हणजे जीएम ही अमेरिकेतली मोटार कंपनी बुडाली कशी हे ज्याला खरंच समजून घ्यायचंय त्याने एक पथ्य पाळायचं, १९०८ पासून वाचायला सुरुवात करायची नाही. मी तशीच केली होती आणि कितीतरी दिवस कंपनी काढणाऱ्या बिली ड्युरंटमध्येच अडकून बसलो, कारण माणूसच तसा आहे, मिशिगनमधल्या फ्लिंट गावात घोडागाड्या बनवून पैसा केलेला आणि मग दिसेल ती मोटार कंपनी विकत घेत सुटलेला. एकदा का तुम्ही त्याच्या प्रेमात पडलात की पुढचं सगळं 'आधी कसं भारी होतं आणि नंतरच्यांनी कशी वाट लावली' असंच दिसायला लागतं, आणि तिथेच अभ्यास संपतो.

त्यामुळे सुरुवात करायची १ जून २००९ ला. त्या दिवशी कंपनीने न्यूयॉर्कच्या कोर्टात चॅप्टर ११ खाली, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीत कंपनीची फेररचना करायच्या कायद्याखाली दिवाळखोरीचा अर्ज दिला. अर्जात मालमत्ता लिहिली होती ८२.२९ अब्ज डॉलर आणि देणी १७२.८१ अब्ज डॉलर. एक कोरा कागद घ्या, हे दोन आकडे सगळ्यात वर मोठे लिहा. मधलं अंतर ९० अब्जांच्या वर आहे आणि तुमचं काम एवढंच की हा खड्डा कुठल्या कुठल्या वर्षी खणला गेला ते शोधायचं. बहुतेक लोक २००८ म्हणतात, बँका कोसळल्या, पेट्रोल महागलं, गाड्या विकल्या जाईनात वगैरे. ते खोटं नाही पण २००८ मध्ये फक्त बिल आलं, खाणं कधीच उरकलं होतं.

कागदावर तीन रकाने पाडा. पहिला, अमेरिकेतल्या बाजारात कंपनीचा वाटा किती. दुसरा, कंपनीने कुणाला काय कबूल केलं, म्हणजे पगार, पेन्शन, दवाखान्याचा खर्च, जे पुढे कधीतरी द्यायचंय ते सगळं. तिसरा, त्या काळात गाडी कुठली काढली आणि कशी होती. वर्षाचा नफा-तोटा मुद्दाम लिहू नका, तो का ते पुढे सांगतो.

पहिला रकाना सगळ्यात सोपा, पाच मिनिटांत भरून होतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी जवळपास निम्म्या एकट्या जीएमच्या. १९८० ला साधारण ४५ टक्के, १९९० ला ३५ च्या आसपास, २००८ ला २२. हे आकडे एकाखाली एक लिहिले की लगेच दिसतं की कडा कुठेच नाही, नुसता उतार आहे. आणि मधे अमेरिकेची अर्थव्यवस्था जोरात असलेली, पेट्रोल स्वस्त असलेली कितीतरी वर्षं गेली, तरी उतार थांबला नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा, जगभरातली विक्री आणि अमेरिकेतला वाटा यांची सरमिसळ करू नका. जगात जीएम १९३१ पासून २००७ पर्यंत, म्हणजे ७७ वर्षं पहिल्या नंबरवर होती, मग २००८ मध्ये टोयोटाने गाठलं, त्यामुळे 'अहो पण ती तर नंबर एक होती' हे वाक्य तुम्हाला कुठेही ऐकायला मिळेल. नंबर एक असताना घरात गळती चालू असू शकते.

आता दुसऱ्या रकान्याआधी थोडं मागे जावं लागेल, नाहीतर तिसरा कळणार नाही. ड्युरंटने १६ सप्टेंबर १९०८ ला कंपनी काढली, हातात ब्यूइक होती, मग ओल्डस्मोबिल घेतली, कॅडिलॅक घेतली, ओकलँड घेतली, आणि कर्ज इतकं झालं की १९१० मध्ये बँकवाल्यांनी त्याला बाजूला केलं. तो गेला आणि लुई शेव्हरोलेबरोबर शेव्हरोले काढली, तिच्या जोरावर १९१६ मध्ये जीएम परत ताब्यात घेतली, १९२० मध्ये परत घालवली, ती कायमची. म्हातारपणी तो फ्लिंटमध्ये बोलिंगचा अड्डा चालवायचा. बास, ड्युरंट एवढाच ठेवा.

खरं लक्ष द्यायचं आल्फ्रेड स्लोनकडे, तो १९२३ मध्ये कंपनीचा प्रेसिडेंट झाला. फोर्ड तेव्हा एकच गाडी, मॉडेल टी, स्वस्तात स्वस्त करत होता. स्लोनने शिडी बांधली. सगळ्यात खाली शेव्हरोले, मग पुढे आलेली पॉन्टियाक, मग ओल्डस्मोबिल, ब्यूइक आणि वर कॅडिलॅक. पहिली नोकरी लागली की शेव्हरोले घ्या, बढती मिळाली की एक पायरी चढा, आणि शेजाऱ्याला तुमच्या गाडीच्या नाकावरूनच कळलं पाहिजे की साहेब वर चाललेत. हप्त्यावर गाडी देणारी स्वतःची वित्त कंपनी १९१९ पासून होतीच, १९२७ मध्ये हार्ली अर्लच्या हाताखाली वेगळा डिझाइन विभाग झाला, दरवर्षी थोडं रूप बदलायचं म्हणजे मागच्या वर्षीची गाडी जुनी वाटते. त्याच १९२७ मध्ये फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात वर लिहा: 'शिडी, प्रत्येक पायरी वेगळी दिसली पाहिजे.' हे वाक्य पुढे लागणार आहे.

दुसरा रकाना भरताना घाई करू नका

इथे लोक दोन गटांत भांडतात, युनियनने कंपनी खाल्ली असं एक आणि मालकांनी कामगारांना पिळलं असं दुसरं. तुम्ही भांडणात न पडता फक्त तारखा लिहा. ३० डिसेंबर १९३६ ला फ्लिंटमधल्या कामगारांनी कारखान्यातच ठिय्या मारला, ४४ दिवस, आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये कंपनीला यूएडब्ल्यू या मोटार कामगारांच्या युनियनला मान्यता द्यावी लागली. मग १९४८ मध्ये महागाईप्रमाणे पगार वाढण्याची सोय आली. आणि मग येतो १९५० चा करार, ज्याला 'डेट्रॉइटचा तह' म्हणतात, युनियनकडून वॉल्टर रॉयथर आणि कंपनीकडून चार्ल्स विल्सन. पाच वर्षं संप नाही, बदल्यात पगारवाढ, पेन्शन, दवाखान्याच्या खर्चात वाटा.

हा करार वाचताना क्षणभर विल्सनच्या खुर्चीत बसून बघा. समोर सगळा बाजार पडलाय, युरोप आणि जपानचे कारखाने युद्धात उद्ध्वस्त झालेत, गाड्या हातोहात खपतायत, संपाचा एक एक दिवस म्हणजे बुडालेला पैसा, आणि पेन्शन तर काय, आजचा तिशीतला कामगार साठीत जाईल तेव्हा द्यायचीय. मीसुद्धा सही केली असती. १९५५ मध्ये जीएम वर्षाला १ अब्ज डॉलरच्या वर नफा कमावणारी पहिली अमेरिकन कंपनी झाली, म्हणजे चूक झाली असं तेव्हा कुणाला वाटायचं कारणच नव्हतं.

म्हणून माझा या सगळ्या अभ्यासातला मुख्य नियम हा की चांगल्या वर्षांवर जास्त वेळ घालवा. वाईट वर्षांत कंपनी काय करते ते सगळ्यांना दिसतं, पेपरात येतं. चांगल्या वर्षांत ती काय कबूल करते ते कुणी वाचत नाही.

पुढच्या नोंदी भराभर करा. १९७० चा ६७ दिवसांचा संप, त्यातून ३० वर्षं नोकरी झाली की निवृत्त होता येईल ही मागणी मान्य होण्याची वाट मोकळी झाली. १९८४ च्या करारात जॉब्स बँक, म्हणजे काम नसलं तरी बहुतेक पगार चालू. आता याच्या शेजारी माणसांची संख्या लिहा. १९७९ च्या सुमाराला जीएमचे एकट्या अमेरिकेत ६ लाखांवर कर्मचारी होते. मग ऑटोमेशन, कारखाने बंद, घसरलेला वाटा, या सगळ्यामुळे कामावरची माणसं कमी होत गेली पण निवृत्त झालेले तर होतेच ना, त्यांना कोण कमी करणार. २००५ च्या आसपास कामगार, निवृत्त आणि घरचे धरून सुमारे ११ लाख लोकांचा दवाखान्याचा खर्च कंपनी बघत होती आणि तो बनणाऱ्या प्रत्येक गाडीमागे साधारण १,५०० डॉलर पडायचा. अमेरिकेत सरकार सगळ्यांच्या आजारपणाचा खर्च करत नाही, ते ओझं मालकाच्या डोक्यावर असतं, आणि जपानी कंपन्यांनी अमेरिकेत नवे कारखाने काढले तेव्हा त्यांचे कामगार तरुण होते, निवृत्त जवळजवळ कुणीच नव्हते. त्यामुळे तीच गाडी, तोच पोलाद, पण जीएमला सुरुवातच १,५०० डॉलर मागून करायची. हा पैसा मग कुठून वाचवायचा? आतल्या प्लास्टिकमधून, सीटच्या कापडातून. दुसरा रकाना तिसऱ्यात असा उतरतो, तिथे एक बाण काढून ठेवा.

२००३ ची एक नोंद मला फार बोलकी वाटते. त्या वर्षी कंपनीने सुमारे १७ अब्ज डॉलरचे रोखे विकले आणि त्यातला बराचसा पैसा नवी गाडी किंवा नवा कारखाना यात न जाता पेन्शन फंडाचं भोक बुजवायला गेला.

तोट्याचा आकडा बघून दचकू नका

आता नफा-तोटा का लिहू नका म्हटलं ते. १९९२ मध्ये जीएमने २३.५ अब्ज डॉलर तोटा दाखवला, तोपर्यंत कुठल्याच अमेरिकन कंपनीने एवढा दाखवला नव्हता. नवा वाचक लगेच म्हणतो की बघा १९९२ लाच बुडाली होती. पण त्यातले २० अब्जांच्या वर हिशोबाचा नियम बदलल्यामुळे आले, म्हणजे निवृत्तांच्या दवाखान्याचा पुढचा सगळा अंदाजे खर्च आत्ताच वहीत दाखवा असा नियम आला. त्या वर्षी तेवढी रोकड बाहेर गेली नाही. उलट हा आकडा म्हणजे १९५० पासूनच्या दुसऱ्या रकान्याची बेरीज पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवली असं समजा. तसंच २००७ चं, ३८.७ अब्ज तोटा, पण त्यातला बहुतेक भाग कराच्या हिशोबातला. पुढे नफा होईल आणि तेव्हा कर वाचेल म्हणून जी रक्कम मालमत्तेत धरली होती ती पुसून टाकली. वाचताना एवढंच करा, तोट्याचा आकडा आला की विचारा, यात खरी रोकड किती गेली?

उलट दिशेलाही हेच लागू. २००४ मध्ये कंपनी नफ्यात होती, सगळं ठीक वाटायचं, पण तो नफा जवळजवळ सगळा वित्त कंपनीचा होता, कर्ज देऊन मिळवलेला, ज्यात घरकर्जाचा धंदासुद्धा होता. गाड्या बनवून सुटत काहीच नव्हतं. आणि २००६ मध्ये पैशाची चणचण लागली तेव्हा त्याच वित्त कंपनीचे ५१ टक्के विकून टाकले. दूध देणारी एकच म्हैस होती, ती विकली.

तिसरा रकाना, बॅज झाकून बघा

हा भाग मजेचा आहे. १९८२ मॉडेलची कॅडिलॅक सिमरॉन आणि त्याच वर्षीची शेव्हरोले कॅव्हेलिअर यांचे फोटो शेजारी ठेवा आणि बॅजवर, म्हणजे गाडीवरच्या ब्रँडच्या चिन्हावर अंगठा ठेवा. शिडीची सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची पायरी एकच झालेली दिसेल, चामड्याच्या सीट आणि वाढवलेली किंमत सोडली तर. १९८३ मध्ये फॉर्च्युन मासिकाने मुखपृष्ठावर शेव्हरोले, पॉन्टियाक, ओल्डस्मोबिल आणि ब्यूइक अशा चार गाड्या एकाच रंगात ओळीने उभ्या केल्या होत्या, ओळखा पाहू म्हणून. ओळखू येत नव्हत्या.

पण हे एका रात्रीत झालं नाही. १९७७ मध्ये ओल्डस्मोबिल घेतलेल्या लोकांना कळलं की आत इंजिन शेव्हरोलेचं आहे, आणि ओल्डस्मोबिलची तर जाहिरातच तिच्या रॉकेट इंजिनवर चालायची. खटले झाले, भरपाई द्यावी लागली, आणि पुढे जाहिरातीत बारीक अक्षरात छापायला लागले की इंजिन कंपनीच्या कुठल्याही विभागातलं असू शकतं. इंजिनिअरच्या बाजूने बघितलं तर त्यात वावगं काही नाही, इंजिन चांगलंच होतं. पण जास्त पैसे मोजून माणूस वरची पायरी विकत घेत होता, आणि ती पायरीच आता रंगवलेली निघाली. हिशोबवाल्यांना सुटे भाग एक केल्याने वाचलेले पैसे दिसत होते, शिडी मोडल्याने जाणारे पैसे कुठल्याच वहीत दिसत नव्हते.

गुणवत्तेच्या नोंदीही याच रकान्यात. १९६० च्या दशकात शेव्हरोलेची कॉर्वेअर, जिच्यावर ग्राहकांसाठी लढणारे वकील राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये पुस्तकातून टीका केली, आणि कंपनीने काय केलं तर त्यांच्या मागे खासगी गुप्तहेर लावले, मग १९६६ मध्ये कंपनीचे प्रेसिडेंट जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीसमोर माफी मागावी लागली. मग शेव्हरोलेचीच व्हेगा, ॲल्युमिनियमचं इंजिन आणि भराभर गंजणारा पत्रा. मग ओल्डस्मोबिलचं डिझेल इंजिन, १९७८ ते १९८५, डिझेलच्या दाबाला हेडचे बोल्ट पुरे पडेनात, डिझेलमधलं पाणी वेगळं करायची सोय नाही, आणि या एका इंजिनाने अमेरिकेतल्या कितीतरी लोकांना डिझेल गाडीचं नाव कायमचं नकोसं केलं. प्रत्येक वेळी ग्राहकाचं एक घर तुटलं, आणि त्या घरातल्या पोरांनी पुढे जीएमच्या शोरूमची पायरी चढली नाही. पहिल्या रकान्यातला तो संथ उतार इथून येतो.

फ्रीमाँटसाठी वेगळा कागद घ्या

सगळ्या इतिहासातून एकच गोष्ट वाचायची असेल तर ही वाचा. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जीएमचा कारखाना १९८२ मध्ये बंद झाला. बदनाम जागा होती, २० टक्क्यांच्या वर माणसं दांडी मारायची, कामावर दारू, मुद्दाम बिघडवलेल्या गाड्या, तक्रारींचा ढीग. मग टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना नुम्मी या नावाने १९८४ मध्ये परत उघडला. कामगार? बहुतेक तेच जुने. युनियन? तीच यूएडब्ल्यू. फक्त चालवण्याची पद्धत टोयोटाची, आणि काही लोकांना आधी जपानला नेऊन ती दाखवून आणलेली.

फरक कुठे होता ते नीट समजून घ्या. जुन्या पद्धतीत गाड्या जोडण्याची लाइन काही झालं तरी थांबवायची नाही, चूक झाली तर गाडी तशीच पुढे, शेवटी अंगणात उभी करून दुरुस्त करू, म्हणजे एकच चूक पन्नास गाड्यांत जाणार आणि ज्याने केली त्याला कळणारही नाही. टोयोटाच्या पद्धतीत प्रत्येकाच्या डोक्यावर दोरी, काही चुकलं की ओढायची, टीम लीडर धावत येणार, वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबणार. ज्या माणसाला काल बिनडोक हात समजत होते त्याच्या हातात आज सगळा कारखाना थांबवायचा अधिकार. थोड्याच काळात दांडी काही टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा जीएमच्या बाकी कारखान्यांच्या कितीतरी पुढे गेला.

म्हणजे नियतीने प्रयोगच लावून दिला होता, माणसं तीच, युनियन तीच, छप्पर तेच, बदलली फक्त पद्धत. आणि उत्तर मिळालं. मग जीएमने काय केलं? लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाईस कारखान्यात तेच करून बघायचा प्रयत्न केला, पण तिथे ना मॅनेजरांना अधिकार सोडायचे होते ना युनियनच्या लोकांचा विश्वास बसला, आणि तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. दोरी लावली, पण ओढली की ओरडा बसणार असेल तर कोण ओढेल. त्याच वर्षांत चेअरमन रॉजर स्मिथ यांनी यंत्रमानव, १९८४ मध्ये ईडीएस ही कॉम्प्युटर कंपनी, १९८५ मध्ये ह्यूज एअरक्राफ्ट यांच्यावर अब्जावधी डॉलर घातले. फ्रीमाँटचा धडा हातात असताना बाहेर उत्तर शोधत फिरले. नुम्मीची अजून एक गंमत, तिथून निघणारी जीएमची जीओ प्रिझ्म आणि टोयोटा कोरोला म्हणजे जवळपास एकच गाडी, तरी लोक कोरोलाच घ्यायचे आणि जुनी विकतानाही तिलाच जास्त भाव. तिसऱ्या रकान्यातला बॅज आठवा, इथे तो उलटा फिरला.

संशयितांची चौकशी

कागद एवढा भरला की कुणा एकावर खापर फोडायचा मोह होतो. प्रत्येकाला कागदावरच तपासा. युनियन? खर्च वाढला हे खरं, पण फ्रीमाँटमध्ये त्याच युनियनने उत्तम गाड्या बनवल्या. पेट्रोल? १९७३ आणि १९७९ ला दणका बसला, पण १९९० चं दशक स्वस्त पेट्रोलचं होतं तरी वाटा घसरलाच. जपान? १९८१ पासून जपानने अमेरिकेत पाठवायच्या गाड्यांवर मर्यादा घालून घेतली, वर्षाला १६.८ लाख, म्हणजे जीएमला श्वास घ्यायला वेळ मिळाला होता. त्या वेळात होंडाने १९८२ मध्ये ओहायोतच गाड्या बनवायला सुरुवात केली, आणि गाड्या मोजूनच पाठवायच्यात म्हटल्यावर जपान्यांनी मोठ्या आणि महागड्या पाठवल्या, म्हणजे शिडीच्या वरच्या पायऱ्यांवरही येऊन बसले.

एक संशयित सहज सुटतो म्हणून मुद्दाम सांगतो, पिकअप आणि एसयूव्ही. परदेशी पिकअपवर १९६४ पासून २५ टक्के आयातकर आहे, एका कोंबड्यांच्या व्यापारी भांडणातून आलेला, खरंच. त्या कुंपणाच्या आत जीएमला एकेका मोठ्या गाडीमागे हजारो डॉलर सुटायचे, मग साध्या छोट्या गाडीवर डोकं कोण घालेल. १९९० च्या दशकातला सगळा थाट यावर उभा होता. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या वर गेलं आणि कुंपणातला धंदा बसला, मग सप्टेंबरमध्ये बँका बसल्या आणि गाडीसाठी कर्जच मिळेना.

जाता जाता, एक वाक्य तुम्हाला हमखास भेटेल, 'जनरल मोटर्ससाठी जे चांगलं तेच देशासाठी चांगलं'. ते वापरू नका. संरक्षणमंत्रीपदासाठी १९५३ मध्ये सिनेटसमोर चौकशी झाली तेव्हा चार्ल्स विल्सन साधारण असं म्हणाले की देशासाठी जे चांगलं ते जनरल मोटर्ससाठी चांगलं आणि उलटही, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलंय. क्रम बदलला की माणूस गर्विष्ठ दिसतो. तसं 'उलटही' म्हणालेच होते म्हणा.

२००९ नंतरची कंपनी वेगळी धरा

नोव्हेंबर २००८ मध्ये डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्यांचे (जीएम, फोर्ड, क्रायस्लर) प्रमुख खासगी विमानांनी वॉशिंग्टनला मदत मागायला गेले, टीका झाल्यावर डिसेंबरमध्ये गाड्या चालवत परत गेले. बुश सरकारने जाता जाता जीएमला १३.४ अब्ज दिले, ओबामा सरकारने मार्च २००९ मध्ये जीएमचे प्रमुख रिक वॅगनर यांना पायउतार व्हायला लावलं. हा सगळा तमाशा पटकन वाचून संपवा, कारण महत्त्वाचं कोर्टात घडलं. चांगले कारखाने, शेव्हरोले, कॅडिलॅक, ब्यूइक आणि जीएमसी हे चार ब्रँड नव्या कंपनीला विकले, आणि ४० दिवसांत, १० जुलै २००९ ला नवी जीएम बाहेर आली, तिच्यात अमेरिकन सरकारचा वाटा ६०.८ टक्के. बंद कारखाने, प्रदूषित जमिनी, जुनी देणी जुन्या कंपनीत राहिली आणि तिचं नाव ठेवलं मोटर्स लिक्विडेशन कंपनी. पॉन्टियाक गेली, सॅटर्न गेली, हमर गेली, साब विकली. ओल्डस्मोबिल तर आधीच २००४ मध्ये गेली होती. जुन्या शेअरवाल्यांना काही मिळालं नाही. तरी लोक जुन्या कंपनीचे शेअर नवी समजून विकत घेत होते, शेवटी काही वेळ ट्रेडिंग थांबवून शेअर बाजारातलं तिचं चिन्हच बदलावं लागलं. सरकारने एकूण ४९.५ अब्ज घातले, शेवटचा शेअर डिसेंबर २०१३ मध्ये विकला, आणि १० अब्जांच्या वर बुडाले.

त्यामुळे 'जीएम तर आता नफ्यात आहे की' असं कुणी म्हटलं की आधी विचारायचं, कुठली जीएम? दुसरा रकाना कोर्टात बराचसा पुसून मिळालेली.

मग तिसरा रकाना पुसला गेला का? हे तपासायला २०१४ वाचा. मेरी बॅरा या जानेवारीत कंपनीच्या प्रमुख झाल्या आणि फेब्रुवारीत इग्निशन स्विचचं प्रकरण बाहेर आलं. किल्लीचा स्विच इतका ढिला की चालत्या गाडीत धक्क्याने बंद व्हायचा, आणि इंजिन बंद म्हणजे एअरबॅगही बंद. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे मिळून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. तो सुटा भाग २००६ मध्ये गुपचूप सुधारला गेला होता, पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे नंतर शोधणाऱ्यांना कळेचना की जुन्या गाड्याच का बंद पडतात. कंपनीने वकील लावून जो चौकशी अहवाल करून घेतला त्यात आतल्या लोकांचे दोन शब्द आलेत. 'जीएम नॉड', म्हणजे मीटिंगमध्ये सगळ्यांनी मान डोलवायची आणि बाहेर पडून कुणीच काही करायचं नाही. आणि 'जीएम सल्यूट', हात छातीवर आडवे धरून एकेक बोट दुसऱ्याकडे, म्हणजे हे काम त्यांचं, माझं नाही.

तो अहवाल आणि फ्रीमाँटचा कागद शेजारी ठेवून वाचा, तिथे दोरी ओढणारा माणूस आणि इथे मान डोलवणारा. मी माझ्या कागदावर त्या दिवशी चौथा रकाना पाडला, 'हे आधी कुणाला माहीत होतं आणि त्याने कुणाला सांगितलं', आणि परत १९६५ च्या कॉर्वेअरपासून भरायला घेतलाय.